वर्कशॉपची हत्यारं, मशीनची निगा आणि हाताशी ठेवायचं जादा सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-भुसावळपासून धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबारपर्यंत गावोगाव लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगची लहान वर्कशॉपं आहेत. जिनिंग, दालमिल, प्लास्टिक पाइपचे कारखाने, रावेर-यावलच्या केळीबागायतदारांचे पंप आणि रोटाव्हेटर, या सगळ्यांची दुरुस्ती त्यांच्याच भरवशावर चालते. म्हणून वर्कशॉपमधलंच मशीन बसलं की खोळंबा एकट्या मालकाचा होत नाही, मागे गिऱ्हाइकांची रांग थांबते. असे वर्कशॉपवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर पुस्तिकेचाच आकडा धरा.

जादा सामान ठेवायचं तर सुरुवात कुठून करायची?

किमतीवरून करू नका. प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारा: ही गेली तर किती काम थांबेल, आणि नवी हातात यायला किती वेळ लागेल? पुण्या-मुंबईच्या कारखान्याला दुपारी लागलेलं बेअरिंग संध्याकाळी मिळतं. बोदवड, धडगाव किंवा साक्रीत बसलेल्या माणसाला आधी जळगाव किंवा धुळं गाठावं लागतं. तिथे नसेल तर नाशिक, सुरत किंवा इंदूरहून पार्सल, मध्ये रविवार आला की आणखी एक दिवस. त्यामुळे शहरातल्या माणसाची यादी जशीच्या तशी उतरवून घेण्यात अर्थ नाही. आपलं गाव बाजारापासून जितकं लांब, तितकं कपाट मोठं हवं.

वही घेऊन मेन स्विचपासून निघा आणि हत्याराच्या टोकापर्यंत चालत जा. फ्यूज, स्टार्टर, कॉइल, ओव्हरलोड रिले (जादा करंट झाला की मोटर बंद करणारा), केबलचे लग, मोटरचे बेअरिंग, पट्टा, चकची चावी, टूल-पोस्टचे बोल्ट, टूल बिट. प्रत्येक ठिकाणी थांबून वरचे दोन प्रश्न विचारले की यादी आपोआप तयार होते. लेथसाठी दुसरी आख्खी मोटर ठेवणं सगळ्यांना परवडत नाही, पण त्या मोटरची दोन बेअरिंगं, पट्ट्यांचा एक सेट आणि स्टार्टरची कॉइल ठेवणं कोणालाही जमतं. मशीन थांबवणाऱ्या बहुतेक गोष्टी याच कुळातल्या असतात.

स्टार्टरची कॉइल एवढी महत्त्वाची का?

कारण तिच्यापायी आख्खं मशीन उभं राहतं आणि ती ऐनवेळी मिळत नाही. व्होल्टेज कमी असला की कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला वीज जोडणारा स्विच) नीट ओढला जात नाही, थरथरत राहतो. त्या अवस्थेत कॉइल जास्त करंट घेते आणि जळते. हंगामात शनिवारी संध्याकाळी जिनिंगवाला फोन करतो, “भाऊ, कॉइल भेटेल का?” दुकानात कॉइल असते, पण २४० व्होल्टची, आणि त्याच्या स्टार्टरला लागते ४१५ची. दोन्ही दिसायला सारख्याच. म्हणून कॉइल विकत घेताना जुनी बाहेर काढून तिच्यावर छापलेला व्होल्टेज वाचा, आणि स्टार्टरचा मेक आणि साइज पेटीच्या झाकणावर आतून पेनाने लिहून ठेवा. कॉन्टॅक्टचा एक संच त्याच पेटीशेजारी पिशवीत राहू द्या. घासून खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट कानशीने गुळगुळीत करून परत बसवू नका. चांदीचा थर निघून जातो आणि दोनच महिन्यांत तेच काम पुन्हा समोर येतं.

काय साठवून ठेवू नये?

ज्याचं आयुष्य कपाटातच संपतं ते. रबरी पट्टे पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढून कडक होतात. रेझिनच्या कटिंग आणि ग्राइंडिंग चाकाच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, साधारण तयार केल्यापासून तीन वर्षं. ती उलटलेलं चाक लावू नका, चाक फुटलं तर माणूस जातो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह) वर्षभर वीज न देता पडून राहिली तर आतल्या कपॅसिटरना हळूहळू व्होल्टेज चढवून पुन्हा तयार करावं लागतं. थेट चालू केली तर ती उडू शकते.

बेअरिंगचा नंबर पुसला गेलाय. नवं कसं आणायचं?

व्हर्नियरने तीन मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. साध्या बॉल बेअरिंगमध्ये नंबराचे शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो. ६२०५ म्हणजे आत २५ मिमी, बाहेर ५२, रुंदी १५. आतून तेवढंच २५ पण बाहेर ६२ आणि रुंदी १७ असेल तर ते ६३०५. नंबरापुढची अक्षरंही सांगून आणा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबरी सील. जिनिंग किंवा दालमिलच्या धुळीत सीलचंच बरं टिकतं. सी३ म्हणजे आतली ढिलाई थोडी जास्त ठेवलेलं बेअरिंग. तापणाऱ्या मोटरमध्ये मूळचं सी३ असेल तर त्या जागी साधं बसवू नका.

बसवताना हातोडा आतल्या कड्यावर की बाहेरच्या, हे फार महत्त्वाचं आहे. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या कड्यावर, हाउसिंगमध्ये घालताना फक्त बाहेरच्या. उलटं केलं की ठोका गोळ्यांमधून जातो, मार्गावर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करतं. योग्य मापाचा पाइपचा तुकडा कापून, तोंड फेस करून कायमचा हुकाला टांगून ठेवा.

ग्रीस जितकं जास्त तितकं चांगलं ना?

नाही. बेअरिंगमधली मोकळी जागा तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की पुरे. ठासून भरलेलं ग्रीस आत घुसळलं जातं, बेअरिंग तापतं आणि सील बाहेर ढकललं जातं. दोन वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र करू नका, काही जोड्या एकमेकींत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. एका वर्कशॉपमध्ये शक्यतो एकाच जातीचं ग्रीस, डब्यावर झाकण, आणि गन लावण्याआधी निप्पल फडक्याने पुसलेलं. निप्पलवरची धूळ आपणच आत ढकलत असतो.

पट्टे वारंवार का तुटतात?

बहुतेक वेळा पुली एका रेषेत नसतात किंवा खाच झिजलेली असते. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून धरा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मग खाचेत बघा. व्ही-पट्टा दोन्ही उतरत्या बाजूंवर धरतो, त्याने तळाला टेकायचं नसतं. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला घासतोय, म्हणजे पट्टा किंवा पुली संपली आहे. पुलीच झिजली असेल तर कितीही नवा पट्टा घाला, तो घसरणार.

नंबर वाचायला सोपा आहे. ए पट्टा वर १३ मिमी रुंद, बी १७, सी २२. बी-५२ मधला ५२ हा आतल्या लांबीचा इंचातला आकडा. ताण बघायला दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. अर्ध्या मीटरच्या अंतराला साधारण ८ मिमी दबला पाहिजे. तीन पट्ट्यांपैकी एक तुटला तर तिन्ही बदला, कारण जुने ताणलेले असतात आणि सगळा भार एकट्या नव्यावर येतो. काढलेले दोन बरे पट्टे एकत्र बांधून “तात्पुरते” असं लिहून ठेवा, अडीनडीला रात्र काढायला उपयोगी पडतात. नवे पट्टे खिळ्याला टांगू नका, जाड लाकडी खुंटीला टांगा.

मे महिन्यात मोटरी का जळतात?

हा आपल्या भागाचा खास प्रश्न, आणि त्याकडे द्यावं तेवढं लक्ष दिलं जात नाही. मोटरच्या पाटीवर जी ताकद लिहिलेली असते ती भोवतालचं तापमान ४० अंश धरून. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडखाली तर आणखी वर. म्हणजे मोटरवर पूर्ण भार टाकला की ती तिच्या हिशेबाबाहेर चालते. वायंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल जुना ठोकताळा असा की, सहन होण्याच्या मर्यादेवर दर १० अंशाला आयुष्य अर्धं होतं. मोटर मेमध्ये जळली नाही तरी मेने तिचं आयुष्य खाल्लेलं असतं, आणि ती जळते नोव्हेंबरात, जिनिंगच्या भर हंगामात.

करण्यासारखं बरंच आहे. आधी पंख्याची जाळी साफ करा. सरकीच्या रुईचा किंवा डाळीच्या कोंड्याचा थर तिच्यावर गोधडीसारखा बसतो आणि हवा आत जात नाही. मोटरच्या अंगावरच्या पंखांमधला मातीचा थर ब्रशने काढा. जुन्या मोटरीवर हौसेने रंगाचे थरावर थर देऊ नका. शेडच्या वरच्या अंगाला गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा. जड कट दुपारी बारा ते चार या वेळात न घेता सकाळी लवकर घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतीची कामंही पहाटेच उरकतात, वर्कशॉपचं तसंच लावून घ्यायला हरकत नाही.

मग ओव्हरलोड रिले. तो पाटीवरच्या करंटवर लावायचा. साध्या डीओएल (मोटर थेट चालू करणाऱ्या) स्टार्टरला जेवढा पाटीवर तेवढाच. स्टार-डेल्टात (मोटर दोन टप्प्यांत चालू करणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले वायंडिंगच्या वाटेवर बसवलेला असेल तर पाटीच्या ०.५८ पट. म्हणजे पाटीवर २० अँपिअर असेल तर रिले साधारण ११.६ वर. “सारखा ट्रिप होतो” म्हणून रिले वाढवून ठेवलेली किती तरी पॅनेलं बघायला मिळतात. तो ट्रिप होतो तेव्हा काहीतरी सांगत असतो: बेअरिंग जड झालंय, पट्टा जास्त ताणलाय, किंवा एक फेज गेली आहे. चालत्या मोटरची एक फेज गेली की उरलेल्या दोन तारांत करंट साधारण १.७३ पट होतो. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) बसवा, तो मोटर रिवाइंड करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तिन्ही फेजचा करंट महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटरने घेऊन वहीत लिहा. व्होल्टेजमधला थोडासा फरकसुद्धा करंटमध्ये कित्येक पटींनी दिसतो.

जादा मोटर कपाटात ठेवली आहे. ती हवी तेव्हा चालेल का?

तपासून ठेवली असेल तरच. महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने काही फेरे फिरवा, म्हणजे बेअरिंग एकाच जागी दबून राहत नाही. पावसाळ्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वायंडिंग ते बॉडी मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर वाळवल्याशिवाय वीज देऊ नका. तिच्यावर पुली आधीच बसवून ठेवा आणि पायाची भोकं मूळ मोटरशी जुळतात का ते आजच बघा. फ्रेमचा आकार वेगळा निघाला तर रात्री अकराला बेडमध्ये नवी भोकं पाडत बसावं लागेल.

हाताची हत्यारं आणि ग्राइंडर-ड्रिलचं काय?

अँगल ग्राइंडरचे कार्बन ब्रश ५-६ मिमी उरले की बदला. त्याखाली गेले की ठिणग्या वाढतात, कम्युटेटर जळतो आणि मग पूर्ण आर्मेचरवर खर्च येतो. ब्रशच्या दोन जोड्या, एक स्विच आणि वायरचा तुकडा प्रत्येक ग्राइंडरमागे हवाच. गार्ड काढून ठेवलेला ग्राइंडर वर्कशॉपमध्ये चालू देऊ नका.

टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तुटतात ते बहुतेकदा भोक लहान पाडल्यामुळे. एम८ (८ मिमी) च्या आट्याला भोक ६.८, एम१० ला ८.५, एम१२ ला १०.२ मिमी. हे आकडे ड्रिल मशीनच्या अंगावर रंगाने लिहा. ८.५ चा ड्रिल सापडला नाही म्हणून ८ नेच भागवलं जातं आणि टॅप आत राहतो. मग तो काढण्यात जॉबपेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून टॅपपेक्षा आधी त्याच्या मापाचे ड्रिल दोन-दोन ठेवा.

बेंच ग्राइंडरचं नवं चाक बसवण्याआधी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकं वाजवा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर चाकाला तडा आहे. टूल-रेस्ट आणि चाक यांतलं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नको.

हत्यारं जागेवर राहत नाहीत, पोरं कुठेही ठेवतात. उपाय?

भिंतीला प्लाय लावा, प्रत्येक पान्याभोवती रंगाने बाह्यरेषा काढा. संध्याकाळी रिकामी आकृती लांबूनही दिसते. कोणाला ओरडावं लागत नाही.

उन्हाळ्यात मापं चुकतात असं म्हणतात, खरं आहे का?

मापांचा पाया २० अंश तापमानाचा आहे. १०० मिमीचा पोलादी शाफ्ट ४५ अंशाला साधारण ०.०३ मिमीने मोठा असतो, आणि १०० मिमी बोअरची एच-७ या मापवर्गातली सगळी मुभाच ०.०३५ मिमी. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी आणि सारखेच गरम असतील तर फरक बराचसा एकमेकांत विरतो. घोळ होतो तो ताज्या कटने तापलेला जॉब लगेच मोजला की, आणि ॲल्युमिनियममध्ये, कारण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. शेवटच्या कटाआधी जॉब गार होऊ द्या. मायक्रोमीटर उन्हात किंवा लेथच्या बेडवर टाकू नका, ठेवताना दोन्ही तोंडं किंचित उघडी ठेवा.

मापाच्या हत्यारांचा बॅकअप म्हणजे एक संच कपाटात कुलपात, रोजच्या कामाला न वापरता. रोजच्या व्हर्नियरवर शंका आली की त्याच्याशी ताडून बघायला. रोजचा पडला, वाकला, तर निदान कळतं तरी.

पावसाळ्यात काय जपायचं?

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. ओलसर हवेत ते भराभर साचतं आणि टाकी आतून गंजते. गंजून पातळ झालेल्या टाकीला वेल्डिंग करून पुन्हा वापरणं म्हणजे वर्कशॉपमध्ये बॉम्ब ठेवणं, ती भंगारातच द्या. लेथच्या बेडवर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी स्लाइड-वे ऑइलचा हात फिरवा. वेल्डिंगचा ७०१८ रॉड उघड्या पाकिटात ओल धरतो, महत्त्वाच्या कामाआधी ३००-३५० अंशांवर तास-दोन तास भाजा. ६०१३ ला इतकी भट्टी देऊ नका, त्याचा फ्लक्स बिघडतो.

कूलंटला (कापताना सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला) वास येतो, साय येते. काय करावं?

आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे, त्यात कटिंग ऑइल नीट मिसळत नाही आणि वर साय धरते. शक्य असेल तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. नेहमी पाण्यात ऑइल ओता, ऑइलमध्ये पाणी नाही. साध्या टर्निंगला २० भाग पाण्याला एक भाग ऑइल चालतं. उन्हात पाणी उडून मिश्रण घट्ट होतं, तेव्हा भर घालताना पातळ मिश्रण घाला. वास सुटला की टाकी पूर्ण धुवा. वरून औषध ओतून भागत नाही.

सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेतलं आहे. त्याच्या बॅकअपमध्ये काय काय येतं?

फक्त जॉबचे प्रोग्राम नाहीत. पॅरामीटर (मशीनची सेटिंगं), पीएलसीची लॅडर (मशीनचे स्विच-व्हॉल्व्ह चालवणारा प्रोग्राम), टूल आणि वर्क ऑफसेट (हत्यार आणि जॉबच्या जागेची मापं), मॅक्रो, पिच-एररची (स्क्रूच्या चुकीची) भरपाई, हे सगळं. फॅनकसारख्या कंट्रोलमध्ये यातलं बरंचसं बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतं. स्क्रीनवर बॅट अशी अक्षरं लुकलुकू लागली की ती ३ व्होल्टची लिथियम बॅटरी बदलायची वेळ झाली, आणि ती कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली आणि वेळ गेला तर मेमरी रिकामी होते आणि मशीन लोखंडाचा ठोकळा होऊन उभं राहतं. ॲक्सिसच्या एन्कोडरची (जागा मोजणाऱ्या साधनाची) बॅटरी वेगळी असते. ती संपली तर शून्य जागा हरवते, पुन्हा लावून घ्यावी लागते. लुकलुकण्याची वाट न बघता दोन्ही वर्षातून एकदा बदला, आणि तारीख पॅनेलच्या दारावर लिहा.

बॅकअप मशीन आलं त्याच आठवड्यात घ्या, आणि नंतर काहीही बदल झाला की पुन्हा. बूट स्क्रीनवरून मेमरीची पूर्ण नक्कल कार्डवर घेता येते. सर्व्हिस इंजिनिअर आला असेल तेव्हा त्याच्याकडून शिकून घ्या आणि पायऱ्या मराठीत लिहून चिकटवा. व्हीएफडी लावलेली असेल तर तिचे पॅरामीटरही एकेक करून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बॅकअपच्या प्रती कुठे ठेवायच्या?

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वर्कशॉपबाहेर. ड्रॉइंग, प्रोग्राम, टॅलीतले हिशोब, गिऱ्हाइकांच्या मापांची वही, सगळ्याला हाच नियम. एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दुसरी हार्ड डिस्कवर घरी, तिसरी क्लाउडवर. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली पेनड्राइव्ह बॅकअपमध्ये धरू नका, व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्हीला एकदमच गाठतो. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मापं जुळतात का तेही.

वर्षात सर्व्हिसिंग कधी लावायचं?

मशीन कधी थांबवायचं हे आपण ठरवावं. भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये विजेची इंजिनं ठरावीक मुदतीने पूर्ण खोलून दुरुस्त होतात, बिघडायची वाट बघितली जात नाही. लहान वर्कशॉपला हेच गिऱ्हाइकाच्या हंगामाप्रमाणे करता येतं. जिनिंगचं काम असेल तर दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. मग गिअरबॉक्सचं तेल, बेअरिंग, पट्टे श्रावण-भाद्रपदात उरका. शेतीअवजारांचं काम असेल तर आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पेरणीपर्यंत रांग असते, तिथे माघ-फाल्गुन बरा. खंडेनवमीला आपण सगळीच हत्यारं धुऊनपुसून पूजतो. त्याच दिवशी जादा सामानाचं कपाट रिकामं करून मोजा, काय संपलं ते लिहा आणि दसऱ्यानंतर पहिली ऑर्डर तीच द्या.

नोंदवही खरंच लागते का?

लागते. प्रत्येक मशीनला एक पान: तारीख, काय बिघडलं, काय बदललं, कोणत्या नंबरचं, कुठून आणलं, किती वेळ बंद होतं. दोन वर्षांनी त्या वहीतूनच कळतं की कपाटात काय वाढवायचं आणि काय कमी करायचं.

जनरेटर महिनोन्‌महिने लागत नाही. सुरू करून बघावा का?

आठवड्यातून एकदा, आणि भार टाकून. रिकामा चालवला की डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि ओलसर मळ सायलेन्सरमध्ये साठतो. निदान तिसरा हिस्सा भार वीस-पंचवीस मिनिटं द्या. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर उडतं, डिस्टिल्ड वॉटर बघत जा.

जुना लेथ विकावा की स्टँडबाय म्हणून ठेवावा?

जागा असेल आणि तो मुख्य लेथची निम्मी कामं करू शकत असेल तर ठेवा. मात्र एक अट आहे: आठवड्यातला एखादा खरा जॉब त्याच्यावर गेला पाहिजे. नुसता झाकून ठेवलेला लेथ दोन पावसाळ्यांत जाम होतो, आणि त्याचे चक, सेंटर, टूल-पोस्ट एकेक करून दुसऱ्या मशीनवर निघून जातात. त्याची चावी, जॉ आणि बदलीचे गिअर वेगळ्या पेटीत, पेटीवर नाव, आणि ती पेटी त्याच लेथच्या पायाशी. एवढं जमणार नसेल तर विका, आणि त्या पैशांत मुख्य लेथसाठी मोटर, पट्टे, बेअरिंग आणि एक जादा चक घ्या.